उपमुख्याध्यापिका व्हा म्हणतायत, पण मला तर वर्गात ओरडताही येत नाही

आठवी_ब

नमस्कार मंडळी. मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात आमची अनुदानित मराठी शाळा आहे. पाचवी ते दहावी, सकाळ आणि दुपार अशी दोन अधिवेशनं. मी गणित आणि विज्ञान शिकवते, राहते डोंबिवलीला. ३१ मेला आमचे उपमुख्याध्यापक सर निवृत्त होतायत. खरं तर पाळी पर्यवेक्षक सरांची होती, पण त्यांनी "माझी दोनच वर्षं राहिलीत, मला कशाला त्यात ओढता" म्हणून नकार दिला. त्यानंतर सेवाज्येष्ठतेत माझं नाव. संस्थेचे सचिव परवा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, जूनपासून दुपार तुमची." मी नुसती हसले, आणि लोकांनी तोच होकार धरला. काहींनी पेढे मागून झालेसुद्धा.

घरी विचारलं तर नवरा म्हणतो, पगारात फरक पडणार नाही आणि घरी यायला साडेआठ वाजणार. मुलगी म्हणते घे. आमच्या मुख्याध्यापिका बाई चांगल्या आहेत, पण त्यांचा निम्मा वेळ ऑफिसच्या चकरा आणि संस्थेच्या मीटिंगा यातच जातो. त्यामुळे दुपार खरोखरच माझ्या एकटीच्या अंगावर पडेल.

माझी खरी अडचण वेगळी आहे. निवृत्त होणाऱ्या सरांचा दरारा असा, की ते जिन्यावर आले की दोन मजले गप्प होतात. सगळे मला तेच ऐकवतायत, की उपमुख्याध्यापक म्हटलं की दरारा पाहिजे. माझा आवाज मुळात बारीक. वर्ग गप्प करायचा असेल तर मी फळ्यावर गणित लिहायला घेते आणि वाट बघते. आठवी ब मध्ये ते चालतं. सगळ्या अधिवेशनाला कसं चालणार?

ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. या माणसाचं रोजचं काम नेमकं काय असतं, आणि त्याच्या अंगी काय असावं लागतं? "जबाबदारीचं पद आहे" एवढं कृपया सांगू नका, ते सचिवांनी सांगून झालंय.


जुना_क्लार्क

शाळेच्या ऑफिसात जन्म गेला, म्हणून कागदाचं तेवढं सांगतो. गुणांचं इतरांनी सांगावं.

बाई, हे पद कोणी मेहेरबानी म्हणून देत नाही. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली, त्यात ज्येष्ठता यादीला महत्त्व आहे. तेव्हा सचिवांच्या उपकाराखाली आत शिरू नका. पर्यवेक्षक सरांचा नकार लेखी, त्यांच्या अक्षरात, तारखेसकट फाइलला लागलाय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तोंडी नकारावर तुम्ही खुर्चीत बसलात आणि उद्या कोणी त्यांचे कान भरले, तर "मला डावललं" म्हणून ते शाळा न्यायाधिकरणात जाऊ शकतात. पदोन्नतीत डावललं गेलं तर कलम ९ खाली ३० दिवसांत अपील करता येतं. असे अर्ज मी टाइप केलेत, दोन्ही बाजूंचे.

मग संस्थेचा ठराव, नियुक्तीचा आदेश, शिक्षण निरीक्षकांकडे मान्यतेचा प्रस्ताव. मान्यता हातात येईपर्यंत शालार्थवर, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत, तुम्ही सहशिक्षिकाच. म्हणजे काम १ जूनपासून आणि कागद येईल तेव्हा. नवऱ्याचं पगाराचं म्हणणं मात्र बरोबर आहे. १२ वर्षांची वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांची निवड श्रेणी लागून गेली असेल, तर वाढीव आकडा बघून वाईट वाटेल.


चाळकरी

आमच्या वेळचे उपमुख्याध्यापक म्हणजे हातात पट्टी आणि पायात कुरकुरणारे बूट. बूट वाजले की आम्ही बाकाखाली. आज रस्त्यात भेटले तर पाया पडतो, पण शाळेत असताना त्यांच्याशी एक वाक्य बोललो असेन तर शपथ. माझे वडील गिरणीच्या संपात घरी बसले होते, सहामाहीची फी थकली होती, ते त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बाई, तुमचा आवाज बारीक आहे ते बरंच आहे म्हणा की.


दुपारच्या_बाई

आठवी ब बाई, आधी त्या दराऱ्याचं बघू, तुमची झोप त्यानेच उडवलेली दिसते.

मी कुर्ल्याच्या बाजूच्या एका शाळेत २००३ ते २०१४ दुपार अधिवेशनाची उपमुख्याध्यापिका होते. माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नसे. काही अडलं नाही. मुलांना गप्प करायला पीटीचे सर असतात, गेटवरचे मामा असतात, प्रत्येक वर्गाला वर्गशिक्षक असतात. तुमच्या वाट्याला येणार मोठी माणसं, आणि तीसुद्धा अशी, की कालपर्यंत त्यांच्याच टेबलावर तुम्ही डबा उघडत होतात. ती माणसं तुम्हाला पहिल्या दोन महिन्यांत जोखतील, आणि जोखतील ती एकाच गोष्टीवरून. प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा तास दुसऱ्याला लावणं.

हसू नका. भाषण कसं करता, गॅदरिंगला साडी कोणती नेसता, निरीक्षक आले की फाइली कशा मांडता, यातलं काही स्टाफरूममध्ये चर्चेला येत नाही. चर्चा एकच. आज माझा रिकामा तास कोणी खाल्ला आणि तिचा का नाही खाल्ला.

माझा दिवस असा सुरू व्हायचा. बाराला शाळेत. सव्वाबाराला मस्टर समोर. ज्यांच्या नावापुढे सही नाही त्यांची नावं पेन्सिलीने लिहायची, कारण निम्मी मंडळी अजून कुर्ला स्टेशनचा पूल उतरत असतात. तेवढ्यात फोन सुरू. टिटवाळ्याच्या सरांची गाडी ठाकुर्लीच्या पुढे उभी आहे. एका बाईंचं बाळ तापलंय. एकजण जनगणनेच्या नाहीतर निवडणुकीच्या कामाला जुंपलेले. (शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये बिगरशैक्षणिक कामं देऊ नयेत असं आहे, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांना त्यातच सूट आहे, त्यामुळे त्या ऑर्डरशी भांडण्यात वेळ घालवू नका.) चार माणसं नाहीत म्हणजे वीसेक तास झाकायचे, आणि हातात दहा मिनिटं.

त्यासाठी मी वाण्याकडची लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही आणली होती. तारीख, कोण नाही, कुठला वर्ग, कितवा तास, कोणी घेतला आणि त्याची सही. शेवटच्या पानांवर प्रत्येक शिक्षकाच्या नावाचा रकाना, महिन्यात किती प्रॉक्सी पडल्या त्याच्या उभ्या रेघा. ती वही माझ्या टेबलावर उघडीच असायची, कुलपात कधीच नाही. कोणीही येऊन बघावं. युनियनमधले एक सर होते, पाठीमागून कायम कुरकूर, की बाई आपल्या माणसांना वाचवतात. एकदा मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "मलाच का?" मी वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांच्या रकान्यात सगळ्यांत कमी रेघा होत्या. सर चहा घ्यायला गेले. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

वही ठेवणं सोपं. आत काय लिहायचं तिथे कस लागतो. दहावीचा तास शक्यतो त्याच वर्गाला दुसरा विषय शिकवणाऱ्याला द्या, म्हणजे तो स्वतःचा राहिलेला धडा उरकतो आणि खूश असतो. लागोपाठ चार तास उभ्या असलेल्या माणसाला पाचवा लावू नका, तो वर्गात जाईल पण शिकवणार नाही. चित्रकला, कार्यानुभव यांचे शिक्षक सगळ्यांना रिकामेच वाटतात, त्यांना गृहीत धरू नका. आणि पीटीचा तास खाऊ नका. हे मी सगळ्या गणितवाल्यांना हात जोडून सांगते, तुम्हालाही. "पोर्शन राहिलाय, पीटीचा तास द्या" म्हणून मागायला याल तर मिळणार नाही. ज्या दिवशी सातवीचा पीटी कापला, त्या दिवशी सहाला शाळा सुटताना जिन्यावर सातवीचीच मारामारी. हा माझा अनुभव आहे, याला शास्त्र नाही.

आमच्याकडे एका ट्रस्टींची पुतणी शिक्षिका होती. मुलगी गुणी, पण तिला कोणी प्रॉक्सी लावायचं नाही असा अलिखित कायदा. पहिल्याच आठवड्यात मी तिला शेवटचा तास लावला, नववीचा, सगळ्यांत दंगेखोर वर्ग. आणि त्याच दिवशी त्याच्या शेजारच्या वर्गाची प्रॉक्सी माझ्या स्वतःच्या नावावर टाकली. ट्रस्टींचा फोन येईल म्हणून मुख्याध्यापक दोन दिवस अस्वस्थ. फोन आला नाही. पुतणीनेच नंतर सांगितलं, की मला वगळतात याची मलाच लाज वाटायची.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जड आहे. या खुर्चीला सही नाही. दाखल्यावर सही मुख्याध्यापकांची, रजा मंजूर करणार ते, फी माफ करणं संस्थेच्या हातात, नेमणुका संस्थेच्या हातात. पण बाप चिडून आला की आधी तुमच्या टेबलावर हात आपटणार. पोराचं डोकं फुटलं की रिक्षात त्याला घेऊन तुम्ही बसणार. ज्याला "हे माझ्या अधिकारात नाही" म्हणायची सवय आहे त्याने ही खुर्ची घेऊ नये, आणि ज्याला सगळंच आपल्या अधिकारात वाटतं त्याने तर बिलकुल घेऊ नये. यावर एकच उपाय, चार्ज घेतल्याच्या आठवड्यात मुख्याध्यापिका बाईंबरोबर दार लावून बसा आणि ठरवून घ्या, की कुठलं मी परस्पर करून मोकळी होईन, कुठलं करून मग कळवीन, आणि कशाला तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. आम्ही ते एका फुलस्केपवर लिहून घेतलं होतं. त्यात "शाळा वेळेआधी सोडणे किंवा न सोडणे" दुसऱ्या रकान्यात होतं, करून मग कळवणे.

हे कशाला उपयोगी पडलं ते सांगते. २६ जुलै २००५, मंगळवार. मुख्याध्यापक चर्नी रोडला मीटिंगला गेलेले. दोननंतर इथे असा पाऊस सुरू झाला, की समोरची इमारत दिसेना. चारच्या सुमारास गेटबाहेरच्या रस्त्यावर पाणी, शिपाई मामा मांडीपर्यंत भिजून आत आले. मी चर्नी रोडला फोन लावला. सर म्हणतात, "बाई, इकडे तर भुरभुर आहे. घाबरू नका, वेळेवर सोडा." त्यांचं चुकलं नव्हतं हो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. एकाच मुंबईत दोन वेगळे पावसाळे चालले होते. त्यानंतर फोन गेला तो गेलाच.

दोन शिक्षक म्हणत होते आत्ताच सोडा, अजून पाणी वाढायच्या आत पोरं घरी पोहोचतील. बोलणं पटण्यासारखं होतं. पण पाचवीच्या पोराची उंची किती आणि मामा किती भिजले होते, एवढाच हिशेब मी केला. गेटला आतून कुलूप लावायला सांगितलं आणि नियम केला. घरचं माणूस आलं आणि कॅटलॉगवर (वर्गाच्या हजेरीपटावर) सही केली तरच मूल बाहेर. मोठा भाऊ चालेल, पण तो दहावी झालेला असावा. तळमजल्याचे वर्ग रिकामे करून सगळी मुलं वरच्या दोन मजल्यांवर. वीज गेली, तेव्हा प्रयोगशाळेतले स्पिरिटचे दिवे काढा म्हणून एक सर उठले, त्यांना बसवलं, आग लागली असती. मेणबत्त्या होत्या, संगीताच्या बाईंकडे पेटी होती. पोषण आहाराचा तांदूळ होता, पण चूल तळमजल्यावर पाण्यात. बिस्किटं समोरच्या दुकानदाराने खांद्यावरून आणून दिली, नंतर पैसे घेईना. रात्री बरीच मुलं गेली, उरलेली सकाळी. माझी पुष्कळ पावलं त्या रात्री नुसती जिन्यावर झाली, मोजदाद करत, कारण मुलं मजला बदलतात आणि आकडा जुळेनासा होतो. सकाळी मुख्याध्यापक दादरहून चालत आले. मी त्यांना सह्यांचा कॅटलॉग दिला. त्यांनी "वेळेवर सोडा" हा विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही काढला.

म्हणून म्हणते, मनात आकडे ठेवता येणारी बाई या पदाला चालते. तुम्ही गणितवाल्या आहात, बरं आहे.

उशिरा येणाऱ्यांचं थोडं. सरसकट गेटवर उभं करणं मला कधी जमलं नाही. आठवीतला एक मुलगा रोज पंधरा मिनिटं उशिरा. वर्गशिक्षिकेने डायरीत लिहून लिहून पान भरवलं. मी नुसतं विचारलं, तर त्यांच्या वस्तीत नळाला पाणी यायचंच बाराला, आई कामावर, पिंपं भरून निघायचा. त्याला दाराजवळच्या बाकावर जागा दिली, आणि पहिल्या तासाच्या सरांना सांगितलं, तो आला की शिकवणं थांबवू नका. झालं. कुठल्या फाइलीत हे लिहिता येत नाही. छडीचा प्रश्न तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने संपवला, कलम १७, मारही नाही आणि मानसिक छळही नाही. तुमच्या सरांच्या दराऱ्यातला किती भाग आज नियमात बसतो ते त्यांनाच विचारा.

एका बाबतीत मात्र तुमचा बारीक आवाज उपयोगाचा नाही, आणि वर सांगितलेल्या फुलस्केपचाही नाही. एखादं मूल, मुलगी काय मुलगा काय, अंगाला हात लावल्याची तक्रार घेऊन आलं, तर "आधी चौकशी करू", "संस्थेचं नाव जाईल", "सचिवांना विचारते" यातलं काही तोंडातून निघता कामा नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं, की कळलं की पोलिसांना कळवायचं. ते न कळवणं हाच गुन्हा आहे, कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं झाकलं तर वर्षापर्यंत कैद. बदलापूरच्या घटनेनंतर, २०२४ मध्ये, सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यांची धावपळ सगळ्या शाळांनी केली. पेटी उघडते कोण, कधी, आणि तेव्हा सोबत कोण असतं, ते तुम्ही जूनमध्ये विचारा. बऱ्याच ठिकाणी किल्लीच सापडत नाही.

स्टाफरूममधलं वर आणि वरचं स्टाफरूममध्ये नेऊ नका. मुख्याध्यापिकांशी भांडायचं ते त्यांच्या केबिनमध्ये. बाहेर आलात की तो निर्णय तुमचाही. हे मला फार जड गेलं, कारण काही निर्णय अगदीच वेडे असत.

आणि एक वर्ग स्वतःकडे ठेवा. तासिका कमी होतील, होऊ द्या, पण आठवी ब सोडू नका. वर्गात न जाणारा उपमुख्याध्यापक दोन वर्षांत नुसता सूचनावहीपुरता उरतो.


मुख्याध्यापक_निवृत्तीच्या_वाटेवर

वरच्या बाईंचं बहुतेक पटलं. पण खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने सांगतो, कारण अशा सहकाऱ्यांबरोबर मी बरीच वर्षं काढली आहेत.

आळशी उपमुख्याध्यापक परवडतो. त्याचं काम दिसतं, मी दुसऱ्याला देतो. त्रास देतो तो अतिकर्तबगार. सगळं परस्पर मिटवतो आणि सांगत काहीच नाही. माझ्या एका सहकाऱ्याने दोन पालकांचं भांडण अतिशय छान सोडवलं, चहा पाजून घरी पाठवले. मला ते कळलं शिक्षण निरीक्षक कार्यालयातून, कारण त्यातल्या एकाने आधीच अर्ज टाकला होता. समोरचा अधिकारी प्रकरण विचारतोय आणि मी त्याच्या तोंडाकडे बघतोय. तेव्हा बाई, संध्याकाळी निघताना मुख्याध्यापिकांना दोन ओळींचा मेसेज टाकत जा. चांगलं झालं तरी, वाईट झालं तरी.

"बाहेर आलात की निर्णय तुमचाही", इथे मात्र माझा मतभेद आहे. प्रत्येक निर्णय आपलाच म्हणून सांगणाऱ्यावर स्टाफ विश्वास ठेवत नाही. "मला पटलं नव्हतं, पण ठरलंय, आता करू" एवढं म्हणायची मोकळीक मी माझ्या उपमुख्याध्यापकांना दिली होती. त्याने माझं काही गेलं नाही.

आणि ऑनलाइन कामं. यू-डायस, सरल, अपार अशी शाळेची आणि विद्यार्थ्यांची माहिती भरायची कामं, रोज एक नवी लिंक आणि आजच शेवटची तारीख. ज्येष्ठ मुख्याध्यापकांना कॉम्प्युटरचा कंटाळा, म्हणून ही सगळी रद्दी उपमुख्याध्यापकाच्या टेबलावर सरकते. पहिल्या महिन्यात ती तुमच्याकडे आली की कायमची आली. वर्गशिक्षकांत वाटा, तपासणी तेवढी स्वतःकडे ठेवा. मार्चमध्ये शाळा बोर्डाचं केंद्र असेल तर केंद्रसंचालक म्हणून तुमचंच नाव जाण्याची शक्यता धरून चाला. तेव्हा बाकी सगळं बंद. ब्लॉक, बैठक व्यवस्था, कस्टडीतून (बोर्डाच्या बंदोबस्तातल्या ठेवीतून) येणारे प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, हजेरीपत्रकं. त्या काळात घरच्या लग्नाला सुद्धा उशिरा पोहोचाल.


दोन_मुलांची_आई

मी शिक्षिका नाही, पालक आहे. आमच्या शाळेत उपमुख्याध्यापिका शाळा सुटताना गेटवर उभ्या असतात, रोज. बोलत काहीच नाहीत विशेष. पण मला काही सांगायचं असेल तर अर्ज करावा लागत नाही, वेळ घ्यावी लागत नाही, तिथेच सांगून टाकते. धाकट्याला एक मुलगा बसमध्ये चिमटे काढायचा, तो विषय मी गेटवर काढला आणि दुसऱ्या दिवशी बसमधली जागा बदलली होती. मुख्याध्यापकांना मी वर्षातून एकदा बघते, गॅदरिंगला, हार घातलेले.


आठवी_ब

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लार्ककाका, आज ऑफिसात जाऊन फाइल बघितली. सरांचा नकार लेखी नव्हताच! सांगितल्यावर त्यांनी तिथेच बसून लिहून दिला, वर "एवढं काय त्यात" म्हणाले.

मुख्याध्यापिका बाईंशीही बोलले. फुलस्केपची कल्पना त्यांना आवडली, पण "शाळा सोडणे" त्यांना तिसऱ्या रकान्यात हवं होतं, विचारून मगच. मी चर्नी रोडची गोष्ट सांगितली. मग दुसऱ्यात आलं.

दुपारच्या बाई, एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे मराठीच्या एक बाई आहेत. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, नोकरीला माझ्यानंतर लागल्या. आम्ही रोज एकाच गाडीने येतो, ठाण्यापासून डबा वाटून खातो. गुडघ्यांचा त्रास आहे, तिसरा मजला चढवत नाही. त्यांना तिसऱ्या मजल्याची प्रॉक्सी लावली तर मला वाईट वाटेल, नाही लावली तर उद्या त्या युनियनवाल्या सरांसारखं कोणीतरी उठेल. काय करायचं?


दुपारच्या_बाई

गुडघ्यांचं डॉक्टरचं पत्र मुख्याध्यापिकांकडे द्यायला सांगा, आणि त्यांना फक्त तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या प्रॉक्सी असं सूचनावहीत सगळ्यांना कळेल असं लिहा. संख्या मात्र इतरांइतकीच. मजला बदला, रेघा कमी करू नका. खालच्या मजल्यावर बहुधा पाचवी-सहावी असते, म्हणजे त्यांच्या डोक्याला ताप जास्तच होईल, तेव्हा कोणाला हेवा वाटायचं कारण नाही.

गाडीतलं मात्र गाडीतच बोलून घ्या, जूनच्या आधी. ऑर्डर हातात पडल्यावर तेच बोलणं वेगळं ऐकू येतं.

चार्ज घेताना किल्ल्यांची यादी करून जुन्या सरांची सही घ्या. प्रयोगशाळा, क्रीडासाहित्य, गच्ची, तक्रारपेटी, सगळ्या. गच्चीची किल्ली कोणाकोणाकडे आहे ते मामांना विचारा, सरांना विचारू नका, त्यांना माहीत नसणार. आणि वेळापत्रकाचा तक्ता १५ जूनच्या आत स्वतःच्या हाताने एकदा पूर्ण लिहून काढा. कॉम्प्युटरवरचा छापील चालत नाही. हाताने लिहिताना कोणाचे तास कुठे दाटलेत ते बोटांना कळतं.